लॉख नेसचं वेलिंग्टन: सरावात गेलेला माणूस युद्धात गेला की नाही?

मुठेकाठ:
महायुद्धाच्या चर्चेत परवा धारकरी यांनी लिहिलं, "सराव-अपघातात मेलेल्यांना लढाईत पडलेल्यांच्या रांगेत बसवू नका. लॉख नेसच्या वेलिंग्टनमध्ये तर कप्तान घाबरला आणि पोरगा फुकट गेला." डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा. (वेलिंग्टन म्हणजे ब्रिटिशांचं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान, लॉख नेस म्हणजे स्कॉटलंडमधलं तळं.)

३१ डिसेंबर १९४०. स्कॉटलंडमधल्या लॉसिमथ तळाहून २० ओटीयूचं (म्हणजे नव्या चमूंना लढाईसाठी तयार करणाऱ्या प्रशिक्षण तुकडीचं) 'आर फॉर रॉबर्ट' हे वेलिंग्टन सरावासाठी उडालं. कप्तान स्क्वाड्रन लीडर मारवुड-एल्टन, सहवैमानिक स्लॅटर आणि सहा शिकाऊ. मोनालिया डोंगरांवर बर्फाचं वादळ, त्यात उजवं इंजिन बंद पडलं. कप्तानाने सहाही जणांना उडी मारायला सांगितलं. पाच जण वाचले. मागचा तोफची सार्जंट फेन्सम, जेमतेम विशीचा. त्याचं पॅराशूट अडकून फाटलं आणि तो गेला. नंतर ढगांच्या फटीतून लॉख नेसचं पाणी दिसलं. कप्तानाने विमान पाण्यावर उतरवलं आणि दोघे रबरी होडीतून काठाला लागले.

बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, ५५,५७३ वैमानिक-चमूवाले महायुद्धात मेले. त्यातले पाच हजारांहून जास्त सरावात. ही माणसं कुठे मोजायची, धारकरी? सहलीला गेली होती का ती?

धारकरी:
माझंच वाक्य आहे आणि मी ते मागे घेत नाही. सरावात गेला त्याचं दुःख आहेच. पण जर्मन फायटर समोर दिसत असताना विमान न वळवणारा आणि घरच्या आकाशात इंजिन बिघडून गेलेला, दोघांना एकच मान दिला तर पहिल्याच्या धैर्याला किंमत काय राहिली? याच विमानाचं बघा. १८ डिसेंबर १९३९ ला हेलिगोलँड या जर्मन बेटाजवळच्या हल्ल्यात २२ वेलिंग्टन जर्मन किनाऱ्यावर पोचली, १२ गेली. हे परत आलं. ते शौर्य.

आणि कप्तानाबद्दल बोला ना. विमान शेवटी पाण्यावर अलगद उतरलं. मग सहा पोरांना बर्फात कशाला फेकलं? आत बसले असते तर आठही वाचले असते.

निवृत्त_तंत्रज्ञ:
धारकरी, तुम्ही शेवट वाचून सुरुवातीचा न्याय करताय. मी आयुष्यभर विमानांच्या इंजिनांत हात घातलेत, म्हणून सांगतो. आदेश दिला तेव्हा तळं दिसत नव्हतं. खाली तीन हजार फुटांचे डोंगर, भोवती बर्फ, एक इंजिन बंद आणि उंची सारखी कमी होतेय. वेलिंग्टनच्या त्या जुन्या मॉडेलला भरल्या वजनाने एका इंजिनावर तग धरणं जड जायचं. सहा माणसं उतरली म्हणजे पाचशे किलोच्या आसपास भार कमी झाला. त्यामुळेच कदाचित विमान पाण्यापर्यंत पोचलं. घाबरलेला कप्तान स्वतः आधी उडी मारतो. हा शेवटपर्यंत बसून राहिला.

धारकरी:
"कदाचित" हा तुमचाच शब्द! आणि कप्तानाला आपण कुठल्या दरीवर आहोत हे माहीत नव्हतं, ही काय कौतुकाची गोष्ट आहे?

रानजाई:
१९४० सालचं स्कॉटलंड आहे ते. हवामान बिघडलं की घड्याळ, होकायंत्र आणि नकाशा यांवर अंदाज बांधायचा. विमानातली पोरं तेच तर शिकायला बसली होती!

फेन्समबद्दल कुणीच बोलत नाहीये. विमानाच्या शेपटीकडच्या बुरुजात, म्हणजे तोफचीच्या अरुंद कोठडीत, पॅराशूट पाठीवर घालून बसायला जागा नसायची. ते मागे विमानाच्या धडात टांगलेलं असायचं. हादरणाऱ्या विमानात अंधुक उजेडात दार उघडायचं, ते ओढून घ्यायचं, छातीला अडकवायचं, मग बाहेर पडायचं. विमान बनवणाऱ्यांनी तोफचीच्या सुटकेचा विचार सगळ्यात शेवटी केला. तुम्ही कप्तानाला धरून बसलात, रचनेला कुणी जाब विचारत नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ:
रानजाई, बुरुजाबद्दल बरोबर. पण त्याचं पॅराशूट बाहेर पडताना अडकून फाटलं. जागा मोठी असती तरी तसं झालं असतं. दोष शोधायचाच तर ओटीयूंना कसली विमानं मिळायची ते बघा. हे विमान आघाडीवर १४ हल्ले करून थकलं, तेव्हा शिकणाऱ्यांकडे आलं.

कोकणकडा:
आता खरी गोष्ट निघाली. झिजलेली यंत्रं आणि कोवळे हात! आपल्याकडे काय वेगळं झालं? भारतीय हवाई दलासाठी नेमलेल्या १९८२ च्या ला फाँटेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षक विमान मागितलं. त्यासाठी हॉक या ब्रिटिश विमानाचा करार २००४ मध्ये, विमान दलात आलं २००८ ला. मधली पंचवीस वर्षं नवी पोरं मिग-२१ या लढाऊ विमानावर बसवली, ज्याचा उतरण्याचा वेगच छातीत धडकी भरवणारा. किती घरं बसली! ऐंशी वर्षांपूर्वीच्या इंग्रज कप्तानाला फासावर चढवून काय मिळणार?

धारकरी:
मिग वेगळा विषय. दुसरा धागा काढा.

कोकणकडा:
वेगळा नाही. सराव हा युद्धाचा भाग नाही असं तुम्ही म्हणता, म्हणूनच सरावाच्या विमानाची फाइल पंचवीस वर्षं पडून राहते.

मुठेकाठ:
मूळ मुद्द्यावर या. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाचा नियम असा: ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ मध्ये सेवेत असताना मरण आलं, तर कारण काहीही असो, नोंद होणार. गोळी, अपघात, आजार, सगळे सारखे. हुद्द्यानेही भेद नाही. धारकरी, पुण्याचे आहात ना? खडकीच्या युद्धस्मशानात जाऊन या. दगड सगळे एका मापाचे आहेत. ब्रिगेडियर कोण, तापाने गेलेला शिपाई कोण, लांबून ओळखून दाखवा.

सांजवात:
सहसा मी नुसतं वाचते. माझा मामा सरावाच्या उड्डाणात गेला. आजी जिवंत होती. गावात हुतात्म्यांचा फलक लावायचा ठरलं, तेव्हा पंचांनी सांगितलं, "तो लढाईत गेला नाही, मावशी." आजीने विचारलं, "मग कशात गेला?" कुणाला उत्तर देता आलं नाही, आणि नावही लागलं नाही. पुढे आजी त्या रस्त्याने देवळात जायची बंद झाली. धारकरीदादा, तुमची रांग ठरवणाऱ्यांना आमच्या घरी यावं लागत नाही.

धारकरी:
ताई, तुमच्या मामांबद्दल मी एक शब्द बोललो नाही. असं अंगावर आणू नका.

सांजवात:
तुम्ही सगळ्यांबद्दलच बोललात की. त्यात तो आला.

धारकरी:
ठीक. दगड एकाच मापाचा असावा, फलकावर नाव असावं, हे मान्य. पण परमवीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यालाच मिळतं आणि तसंच मिळावं. तो फरक मी सोडणार नाही. कप्तानाबद्दलही माझं मत तेच आहे.

मुठेकाठ:
शौर्यपदक कुणी मागितलंय? फेन्समला पदक द्या असं या धाग्यात एकही माणूस म्हणालेला नाही. तो मोजला जावा, एवढंच चाललंय. आणि तुमचा तो घाबरट कप्तान पुढे ग्रुप कॅप्टन झाला. तळ सांभाळायचं काम असूनही १९४४ मध्ये हॅलिफॅक्स या बॉम्बफेकी विमानातून हल्ल्यावर गेला, पाडला गेला, युद्धकैदी झाला.

धारकरी:
१९४४ चं धैर्य १९४० च्या निर्णयाला लागू होत नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ:
हे एक वाक्य मात्र तुमचं बरोबर आहे. निर्णय त्या क्षणाच्या माहितीवरच तोलायचा. त्या क्षणी तळं दिसत नव्हतं, हे चौथ्यांदा सांगायची माझी तयारी आहे.

रानजाई:
मला राग वेगळ्याचा आहे. १९७६ मध्ये लॉख नेसचा तो दंतकथेतला राक्षस शोधायला आलेल्या अमेरिकनांच्या सोनारवर (पाण्याखालचं ध्वनिलहरींनी टिपणारं यंत्र) हे विमान दिसलं. १९८५ मध्ये वर काढलं, बॅटरी जोडली तर शेपटीचे दिवे लागले, आणि सगळे लेख त्या दिव्यांवर. विमान आज इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात, जिथे बांधलं तिथेच उभं आहे. जाणार असाल कुणी, तर मार्गदर्शकाला आधी तोफचीचं नाव विचारा. दिव्यांबद्दल तो आपणहून सांगेल.