मदत हवी आहे: व्यस्त चलन आणि व्यस्त फलन, रोजच्या उदाहरणांतून कसं समजावू?

मुलगी अकरावीत आहे. तिने विचारलं, "व्यस्त चलन आणि व्यस्त फलन एकच का?" मी बेधडक हो म्हणालो आणि फसलो.

व्यस्त चलन सोपं आहे. 120 किमी अंतर ताशी 60 च्या वेगाने 2 तासांत, 40 ने 3 तासांत. वेग घटला की वेळ वाढते, गुणाकार तोच राहतो. फलन म्हणजे एका संख्येवरून दुसरी ठरलेली संख्या काढायचा नियम, आणि व्यस्त फलन म्हणजे त्याचा उलटा प्रवास: सेल्सिअसला 9/5 ने गुणून 32 मिळवले की फॅरनहाइट, परत यायचं तर आधी 32 वजा, मग 5/9 ने गुणायचं. क्रमही उलटा, बूट आधी काढून मग मोजे काढतो तसा. इथे मात्र एक वाढलं की दुसरंही वाढतं! म्हणजे दोन्ही वेगळेच ना?

खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक फलनाला व्यस्त फलन नसतं, हे कसं पटवू? मला एकच सुचलं: वर फेकलेला चेंडू एकाच उंचीवर दोनदा असतो, त्यामुळे नुसत्या उंचीवरून वेळ सांगता येत नाही. यापेक्षा घरगुती उदाहरण आहे का कुणाकडे? आलेख नकोत, ते पाहून ती पळते.