एकच आइस्ड लाटे, तीन दुकानं आणि बाळाची बाटली: तुमचेही अनुभव सांगा

मानपाडा, ठाणे

गरोदरपणात डॉक्टरांनी माझी कॉफी दिवसाला एका लहान कपावर आणली होती. अख्खा उन्हाळा मी आइस्ड लाटेच्या आठवणीवर काढला. आता लेक आठ महिन्यांची झाली आहे. गेले चार शनिवार तिला प्रॅममध्ये घालून घोडबंदर रोडवरच्या तीन दुकानांत जाऊन आले. मागणी सगळीकडे तीच: मधल्या मापाची आइस्ड लाटे, नेहमीचं दूध, साखर नको, सिरप नको.

चार शनिवार लागले, कारण पहिला वाया गेला. ग्लास काठोकाठ भरून आला आणि सात-आठ घोटांतच स्ट्रॉ खडखडायला लागली. खाली नुसता बर्फ. तेव्हा बॅगेतली लेकीची बाटली आठवली. तिच्यावर २४० मिलिलीटरपर्यंत खुणा आहेत. पुढच्या शनिवारी त्याच दुकानात कॉफी आल्या आल्या झाकण घट्ट धरून सगळी कॉफी भोकातून त्या धुतलेल्या बाटलीत ओतली. बर्फ ग्लासातच राहिला. बाटली टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत पाहिली: १५०. दुसऱ्या दुकानात २१०. तिसऱ्यात १३०. तिन्हींच्या किमतीत वीस-तीस रुपयांचा फरक.

पण चवीचा हिशेब वेगळाच निघाला. २१० वाली म्हणजे थंड दुधाला कॉफीचा वास लावल्यासारखी. १३० वालीत कॉफी खरोखर होती, जिभेच्या मागच्या बाजूला भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव बराच वेळ रेंगाळली. मग जास्त चांगलं कोणी दिलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते आहे. ठाणे-नवी मुंबईत एकच थंड कॉफी दोन-तीन ठिकाणी पिऊन पाहिली असेल, तर काय जाणवलं ते लिहा. तक्रार असेल तर दुकानाचं नाव नको, अनुभव सांगा.

सीवूड्स, नवी मुंबई

मी साडेतीन वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो, त्यामुळे ताईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर देऊ शकेन.

लाटेचा जीव एस्प्रेसोत असतो, म्हणजे मशीनने दाबाने काढलेल्या दाट कॉफीत. तिच्या एका मापाला शॉट म्हणतात. आमच्याकडे डबल शॉटला १८ ग्रॅम पूड, त्यातून साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. मधल्या मापाच्या ग्लासात एक शॉट घालायचा की दोन, हे प्रत्येक दुकान आपापलं ठरवतं. तुमच्या २१० वाल्याने बहुतेक एकच घातला असेल. ऑर्डर देताना सरळ विचारा, "दादा, शॉट किती?" कोणी वाईट मानत नाही, उलट समोरचा जरा सावरून काम करतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. गरम शॉट थेट बर्फावर ओतला की बर्फ तिथेच वितळतो आणि पहिला घोटच पातळ लागतो. आधी दूध आणि बर्फ, वरून शॉट, असं केलं की वितळणं बरंच कमी होतं. तो तपकिरी थर हळूहळू दुधात उतरताना दिसतो ना, तो नुसता फोटोसाठी नसतो. गर्दीच्या वेळी काही ठिकाणी शॉट आधीच काढून फ्रीजमध्ये ठेवतात. बर्फ वाचतो, पण वास मरतो.

बर्फातही जात असते. पोकळ नळीसारखे तुकडे भरभर वितळतात, कारण त्यांना आतून-बाहेरून कॉफी लागते. भरीव चौकोनी तुकडा जास्त टिकतो.

आणि दूध. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. गरम कॉफीत वाफेचा फेस ही उणीव झाकतो, थंड कॉफीत झाकायला काही नसतं. आमच्याकडे एकदा फुल क्रीम वेळेवर आलं नाही, दिवसभर टोन्ड वापरलं. कॉफी तीच, मशीन तेच, माप तेच. तरी संध्याकाळपर्यंत चार जणांनी "आज पाणी घातलंत का?" म्हणून विचारलं. एक काका तर रोजचे होते. त्यांना दुसरा ग्लास करून द्यावासा वाटत होता, पण द्यायला ते दूधच नव्हतं. ते मला अजून लागून राहिलं आहे.

पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने पूड ओल धरते आणि शॉट मशीनमधून नीट उतरत नाही. सकाळी ग्राइंडर नीट लावून घेणारा माणूस नसेल तर त्याच दुकानाची जुलैची कॉफी मे महिन्यासारखी लागणार नाही. तेव्हा ताई, एका शनिवारवरून निकाल देऊ नका.

नौपाडा, ठाणे

माझं वय ७१. आमच्या काळी कोल्ड कॉफी म्हणजे मिक्सरमधली: दूध, साखर, इन्स्टंट कॉफीचे दोन चमचे, पाहुणे असले तर आइस्क्रीमचा गोळा. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ साली बंगळुरूला ब्रिगेड रोडवर निघालं. पुढे ती दुकानं आपल्याकडे आली तेव्हाही आम्ही तिथे जाऊन तीच गोड, फेसाळ कॉफी पीत होतो. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स उघडलं, तेव्हा मुलगी मला हट्टाने घेऊन गेली. रांग मोठी होती. आइस्ड लाटे प्यायलो आणि वाटलं, साखर विसरले.

सांगायचं हे की नाव एकच असलं तरी प्रत्येकाच्या जिभेवर वेगळा नमुना आधीच बसलेला असतो. माझा नमुना आमच्या वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींचा आहे. पितळी फिल्टर, ८०:२० ची पूड, म्हणजे ८० भाग कॉफी आणि २० भाग चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड). रात्री डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, लावून ठेवतात, सकाळी उरलेलं फ्रीजमध्ये. दुपारी चारला मी गेलो की स्टीलच्या पेल्यात बर्फाचे तीन खडे, वर डिकॉक्शन, वर गार दूध. चिकोरीमुळे अंगाला दाटपणा येतो, बर्फ वितळला तरी कॉफी पातळ लागत नाही. राम मारुती रोडच्या आसपास दोन ठिकाणी फिल्टर कॉफी बर्फावर मिळते म्हणून पिऊन आलो. एकीकडे डिकॉक्शन छान होतं. दुसरीकडे शिळं होतं, आंबूस वास येत होता. मामींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशीचं डिकॉक्शन मी झाडालाही घालत नाही."

ऐरोली

ऑफिसखालच्या दोन दुकानांत जवळजवळ रोज. ओट मिल्क घेतलं तर साखर न घालताही गोड लागतं, कारण ते बनवताना ओट्समधल्या स्टार्चची साखर होते. मला दूध पचत नाही म्हणून घेते. चव मात्र दुकानापेक्षा ओट मिल्कच्या ब्रँडवर जास्त बदलते. एवढंच.

कळवा

हे जरा सविस्तर लिहितो, कारण कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

बाबांना मधुमेह आहे. त्यांना कॉफीचं वेड. बहिणीने आणि मी ठरवलं की महिन्यातून एकदा त्यांना बाहेर न्यायचं आणि बिनसाखरेची थंड कॉफी पाजायची. एका दुकानात गेलो, स्पष्ट सांगितलं, "साखर अजिबात नको." मुलाने मान हलवली. बाबांनी पहिला घोट घेतला आणि खूश झाले, म्हणाले, "इथली चांगली आहे रे, कडू नाही लागत." तिथेच मला शंका यायला हवी होती. घरी येऊन दोन तासांनी बोटाला सुई लावली तर आकडा नेहमीपेक्षा बराच वर. जेवणात काही वेगळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन विचारलं. साखर त्यांनी खरोखरच वरून घातली नव्हती. ज्या तयार मिश्रणात कॉफी घुसळली होती त्यातच ती होती. त्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं, तो खोटं बोलला नाही. पण बाबांचा दिवस गेला.

मग मी वाचून-विचारून एवढं शिकलो: गार पदार्थात गोडी जिभेला कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, केवढं गोड लागतं. म्हणून घुसळलेल्या थंड पेयांत साखर सढळ हाताने असते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आता मी तीन प्रश्न विचारतो: बेस तयार आहे का, त्यात साखर आहे का, आणि नुसता शॉट, दूध, बर्फ असं करून द्याल का. ठाण्यात चार दुकानांत विचारलं. तिघांनी लगेच करून दिलं. चौथ्या दुकानातल्या मुलीने पाकीट आणून मागचा तक्ता दाखवला, तिचे मी मनापासून आभार मानले. बाबा आता नुसती आइस्ड लाटे घेतात. पहिल्या वेळी तोंड वाकडं केलं, चौथ्या वेळी त्यांनीच कुठल्या दुकानाची जास्त भाजलेली आहे ते ओळखलं.

वाशी

चवीबद्दल नाही, बिलाबद्दल. सेक्टर १७ मध्ये दोन ठिकाणी तीच कॉफी घेतली. एकाची पाटीवरची किंमत कमी होती, पण बिलात ५ टक्के जीएसटीच्या आधी १० टक्के सेवा शुल्क लावलं होतं, म्हणजे एकूण तीच महाग पडली. हे शुल्क आपोआप लावता येत नाही, असे निर्देश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. शांतपणे सांगितलं, काढून दिलं. नाही काढलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

नेरूळ

मी परीक्षेचा अभ्यास करतो, एका ग्लासावर दोन तास बसतो. म्हणून माझी परीक्षा पहिल्या घोटाची नाही, चाळिसाव्या मिनिटाची. एका दुकानातली लाटे तेव्हा राखाडी पाणी होते. दुसऱ्यातली डबल शॉट, भरीव बर्फ, चाळीस मिनिटांनीही कॉफी राहते. तिथे संध्याकाळी पाचनंतर टेबल लवकर सोडावं लागतं, हे मला मान्य आहे, त्यांचाही धंदा आहे. घरी कोल्ड ब्रूही करून पाहिला: जाड दळलेली पूड, गार पाणी, फ्रीजमध्ये सोळा तास, मग आईच्या पनीरच्या मलमलीतून गाळला. आंबटपणा कमी, पोटाला हलका. पण त्यात दूध घातल्यावर लाटेसारखा तो भाजका वास येत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एका तराजूत नकोत.

मानपाडा, ठाणे

सीवूड्सच्या दादांचं वाचून आज तिसऱ्या दुकानात पुन्हा गेले. विचारलं, शॉट किती? दोन. दुसऱ्या दुकानात विचारलं, एक. म्हणजे दादांचा अंदाज बरोबर निघाला. मग तिसऱ्यात म्हटलं, बर्फ निम्मा द्या. मुलीने विचारलं, "दूध वाढवू का? कॉफी सौम्य होईल." वाढवू नका म्हटलं. बाटलीत १४० भरली. दहा मिलिलीटर जास्त. चव तीच, शेंगदाण्याची, आणि यावेळी शेवटच्या घोटापर्यंत.

लेकीने बाटली ओळखली आणि हात पुढे केला. तिला तिचं दूध वेगळ्या बाटलीत आणलं होतं, ते दिलं. कळव्याच्या दादांना विचारायचं आहे: बाबांनी ओळखलेली जास्त भाजलेली कॉफी ठाण्यात कुठल्या भागात मिळाली? पुढच्या शनिवारी तिकडे जाईन.