फॅशन पत्रकाराला बातमी कशी सुचवावी? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

आपल्या इंदूरपासून महेश्वर नव्वदेक किलोमीटर, ठशांच्या छपाईचं बाघ आणि विणकामाचं चंदेरीही आपल्याच मध्य प्रदेशात. तरी इथली कापडाची नवी कामं मुंबई-दिल्लीच्या मासिकांत क्वचितच दिसतात. काम चांगलं असतं, पण ते पत्रकारापर्यंत नेमकं कसं न्यायचं हे ठाऊक नसतं. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मी महेश्वरी साड्यांचं काम करते. मेलच्या विषयात ‘नवीन कलेक्शन’ लिहिणं मी बंद केलं, कारण तसे मेल पत्रकारांना रोज येतात. आता पहिल्याच ओळीत गोष्ट सांगते: ‘किनारीची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातून आलेली, आणि ती मागावर चढवणारे विणकर बोलायला तयार आहेत.’ खाली चार-पाच ओळी: ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती, किनार दोन्ही बाजूंनी सारखी, किंमत, फोन. एवढंच. अहिल्याबाईंचा इतिहास पानभर लिहून पाठवायची गरज नाही, तो पत्रकाराला माहीत असतो. आज मागावर काय चाललंय, ते त्याला माहीत नसतं.

राजेंद्रनगरहून, पूर्वी दैनिकाच्या पुरवणीत काम केलेली

ताई, अगदी बरोबर. टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते. मेल उघडताना माझ्या मनात एकच प्रश्न असायचा: हे आत्ताच का छापायचं? त्याचं उत्तर मेलमध्ये असलं की निम्मं काम झालं. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन, १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून साजरा होतो. त्या आठवड्यात हातमागावरचा मजकूर आम्हाला हवाच असायचा. पण मेल ६ तारखेला येऊन उपयोग नाही. दैनिकाला दोन-तीन आठवडे आधी द्या. छापील मासिकाचा दिवाळी अंक उन्हाळा संपतानाच आकार घेऊ लागतो, तिथे तीन-चार महिने आधी. आणि फॅशन वीक चालू असताना कुणालाही लिहू नका, त्या दिवसांत मेल वाचायला वेळच नसतो.

दोन गोष्टी मला मनापासून खटकायच्या. एक, ‘छापण्याआधी लेख दाखवा’ ही मागणी. वस्तुस्थिती तपासायला आम्ही स्वतः फोन करतो, पण लेख मंजुरीसाठी पाठवत नाही. दुसरी, सोबत साडी भेट पाठवणं. फोटोशूटसाठी साडी लागली तर मागून घेतो आणि परत करतो, तिची लेखी नोंद ठेवा.

फोटोग्राफर, रामबाग

फोटो मेलला जोडून इनबॉक्स भरू नका, ड्राइव्हची लिंक द्या आणि ती परवानगी न मागता उघडते का हे दुसऱ्याच्या फोनवर पाहून घ्या. छपाईला ३०० डीपीआयचे (दर इंचाला ३०० ठिपके) फोटो लागतात. व्हॉट्सॲपवरून गेलेला फोटो दबतो, तो छपाईत चालत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक, नेसलेल्या साडीचा एक, किनारीचा जवळून एक, मागावरचा एक. फाइलच्या नावातच कापड, विणकर आणि फोटोग्राफर लिहा. विणकराचा चेहरा छापायचा तर त्याला आधी नीट सांगून होकार घ्या. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

बाघ प्रिंटवर काम करणारा

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच विचारतो, तेही नवीन काही सांगण्यासारखं असेल तर. लिहिण्याआधी त्या पत्रकाराचे अलीकडचे लेख वाचतो. लग्नाच्या पोशाखांवर लिहिणाऱ्याला ठशांच्या नैसर्गिक रंगांची गोष्ट पाठवून दोघांचाही वेळ जातो. तीच गोष्ट पर्यावरणावर लिहिणारीला पाठवली, तर तिने पाण्याबद्दलच दहा प्रश्न विचारले. बाघचं कापड वाहत्या पाण्यात धुवावं लागतं, म्हणून नदी आटली की काम अडतं. खरा लेख तिथे होता!

माहेर इंदूर, सासर बडोदा

आमच्या घरातल्या जुन्या चंदेरी लुगड्यांबद्दल मी लिहिलं होतं. पत्रकारबाईंना कापडापेक्षा माणसं हवी होती: कुणी नेसलं, कुठल्या समारंभात, आज कोण नेसतंय. आमच्या आजेसासूबाई स्वतः बोलल्या, म्हणून लेख झाला.

नवीन डिझायनर, सुदामानगर

एकच विषय दोन मासिकांना एकदम पाठवला तर चालतो का?

राजेंद्रनगरहून, पुन्हा

बातमी असेल तर सगळ्यांना पाठव. पण खास लेखाचा विषय असेल तर एकालाच दे, मेलमध्ये तसं स्पष्ट लिही आणि अमुक तारखेपर्यंत कळवा म्हणून सांग. ती तारीख उलटली की दुसरीकडे द्यायला तू मोकळी. दोन्हीकडे एकदम ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून पाठवू नकोस गं, ही सगळी मंडळी एकमेकांना ओळखतात. तुझा विषय काय आहे? इथेच दोन ओळींत लिही, आपण सगळे मिळून पाहू.