ग्नू रेडिओ: १०१.७ मेगाहर्ट्झ टाकले, शिखर ४ किलोहर्ट्झवर दिसते

लातूर_ईटीसी
ग्नू रेडिओ या ब्लॉक जोडून सिग्नल हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये एफएम रिसीव्हरचं सिम्युलेशन करतोय, हार्डवेअर अजून हातात नाही. छत्रपती संभाजीनगर आकाशवाणीची १०१.७ मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी सिग्नल सोर्समध्ये टाकली. सॅम्पल रेट (दर सेकंदाला किती सॅम्पल) आधीपासून होता तोच, ३२०००. सोर्स कॉम्प्लेक्स, पुढे थ्रॉटल (वेग आवरणारा ब्लॉक), मग फ्रिक्वेन्सी सिंक (स्पेक्ट्रमचा आलेख). शिखर ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतंय. रेट २५० मेगा केला की लॅपटॉप मान टाकतो. नेमका किती ठेवायचा?

डीएसपी_नांदेड
शिखर जिथे यायला हवं तिथेच आलंय. १०,१७,००,००० ला ३२,००० ने भागा: भागाकार ३१७८, बाकी ४०००. ती बाकीच तुम्हाला दिसतेय, यालाच एलियासिंग म्हणतात. कॉम्प्लेक्स सिग्नलला ३२००० रेटवर उणे १६ ते अधिक १६ किलोहर्ट्झ एवढीच जागा असते, बाहेरचं सगळं दुमडून आत येतं. १०० मेगाहर्ट्झ टाकून बघा, बाकी शून्य, शिखर बरोबर मधोमध. तेव्हा वाटलं असतं डीसी ऑफसेटचीच (शून्य हर्ट्झवर दिसणाऱ्या खोट्या काट्याची) भानगड आहे.

सिम्युलेशनमध्ये सेकंद नावाची गोष्टच नसते. सोर्स दर सॅम्पलला फेज २π × फ्रिक्वेन्सी ÷ रेट एवढा पुढे सरकवतो, बस. रेट ३२००० आणि टोन ४०००, किंवा रेट ८० लाख आणि टोन १० लाख, दोन्हीकडे आकडे तेच निघतात. सिंक फक्त अक्षावर लेबलं लिहितो. म्हणून एका ब्लॉकमध्ये रेट बदलला आणि सिंकमध्ये राहिला, तर शिखर भलतीकडे दिसतं.

तेव्हा कॅरियर (१०१.७ मेगाहर्ट्झची मूळ लहर) तयार करायच्या फंदात पडू नका. शून्य हर्ट्झ म्हणजेच १०१.७ असं धरा आणि सिंकच्या सेंटर फ्रिक्वेन्सीत १०१.७ई६ (म्हणजे १०१.७ × १०^६) लिहा, त्याने फक्त लेबलं सरकतात. खरा ट्यूनरही सिग्नल असाच खाली आणून देतो.

रेट बँडविड्थवरून ठरवा. डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी मधल्यापासून किती सरकते) ७५ किलोहर्ट्झ, ऑडिओ १५, एफएमची बँडविड्थ काढायच्या कार्सनच्या नियमाने २ × (७५ + १५) = १८० किलोहर्ट्झ. ४,८०,००० घ्या: पुरून उरतो आणि ४८,००० या ऑडिओ रेटच्या बरोबर दहापट आहे. डब्ल्यूबीएफएम (वाइडबँड एफएम) ट्रान्समिट ब्लॉकमध्ये ऑडिओ रेट ४८०००, क्वाड्रेचर रेट ४८००००. रिसीव्हमध्ये डेसिमेशन (रेट किती पटीने कमी करायचा) १०. टाऊ (प्री-एम्फसिस, डी-एम्फसिसचा टाइम कॉन्स्टंट, सेकंदांत) मुळात ७५ई-६ असतो, आपल्याकडे ५०ई-६ लागतो. दोन्ही टोकांना एकच ठेवा.

परभणीकर
ऑडिओ सिंक लावाल तेव्हा थ्रॉटल काढा. थ्रॉटल फक्त प्रोसेसर सुसाट पळू नये म्हणून असतो, त्याची वेळ काटेकोर नसते. साउंड कार्डाचं स्वतःचं घड्याळ असतं. दोन्ही ठेवले की आवाज तुटतो आणि टर्मिनलवर 'एयू'ची (aU, म्हणजे साउंड कार्डाला सॅम्पल वेळेत मिळाले नाहीत) माळ लागते. आणि वेव्ह फाइल ४४१०० ची असेल तर ४८००० वर आवाज साधारण ९ टक्के जास्त वेगाने वाजेल. मध्ये रॅशनल रिसॅम्पलर (रेट बदलणारा ब्लॉक) टाका, इंटरपोलेशन (रेट वाढवायची पट) १६०, डेसिमेशन १४७.

लातूर_ईटीसी
धन्यवाद सर. पुढे आरटीएल-एसडीआर (यूएसबीचा रेडिओ रिसीव्हर) जोडला तर ४,८०,००० तसाच चालेल का?

डीएसपी_नांदेड
नाही. तो डोंगल साधारण २.२५ ते ३ लाख आणि ९ ते ३२ लाख एवढेच रेट घेतो. २४ लाख ठेवा आणि लो पास फिल्टरमध्ये डेसिमेशन ५, कटऑफ १०० किलोहर्ट्झ, ट्रान्झिशन (कटऑफजवळच्या उताराची रुंदी) ४०. त्या ब्लॉकच्या सॅम्पल रेटमध्ये आत येणारा रेट, म्हणजे २४ लाख लिहायचा. तिथे ४,८०,००० लिहिलं तर कटऑफ प्रत्यक्षात ५०० किलोहर्ट्झ होतो, शेजारची स्टेशनं दुमडून तुमच्यावर येतात, आणि लोक मग अँटेनाच्या नावाने बोटं मोडतात.

मधोमध डीसीचा काटा दिसला तर १०१.४ वर ट्यून करा आणि लो पासच्या जागी फ्रिक्वेन्सी एक्सलेटिंग फिल्टर (सिग्नल मधोमध सरकवून गाळणारा ब्लॉक) टाका, सेंटर ३००ई३, डेसिमेशन तेच ५. थ्रॉटल इथेही नको, डोंगल स्वतःच वेग ठरवतो.