धरणाकाठच्या घरात विणकाम: स्वेटरचे दोन भाग जुळत नाहीत, लोकरीला कुबट वास येतोय

सुलट_सुई (प्रश्न):

घर भंडारदऱ्याच्या जलाशयाला लागून, शेंडीच्या बाजूला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकी उघडली की धुकं आत. खोलीतला आर्द्रतामापक भर दुपारीही ८५ च्या खाली उतरत नाही. विणकाम मात्र याच दिवसांत करावं लागतं, कारण थंडी पडायच्या आत स्वेटर अंगावर यायला हवेत. तीन अडचणी आहेत.

१) पुरुषाचा ४० छातीचा स्वेटर, डबल निटिंग (मध्यम) जाडीची शुद्ध लोकर. बॉर्डर १० नंबरवर, वरचं साधं विणकाम ८ नंबरवर, १२३ टाके. पाठ मे महिन्यात पूर्ण झाली, रुंदी बरोबर ५६ सेंमी. पुढचा भाग जुलैत सुरू केला. बॉर्डरच्या वर १८ सेंमी झाल्यावर मोजलं तर रुंदी ६३ सेंमी. टाके तितकेच, लोकर त्याच लॉटची, सुई ८ नंबरचीच. फरक इतकाच की पाठ सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांवर होती आणि आता वायरवाली गोल सुई आहे. दमट हवेनं लोकर एवढी फुगते का?

२) पेटीतल्या उरलेल्या गुंड्यांना कुबट वास येतोय. दोन गुंड्यांवर बारीक काळे ठिपके आहेत.

३) धुतलेले लोकरी कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी वास राहतोच. चुलीवरच्या दांडीवर टाकले तर चालतील का?

नऊ_नंबर:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते. यात हवेचा दोष जवळजवळ नाही. दमट दिवसांत लोकरीचं विणलेलं कापड थोडं सैल पडतं हे खरं, पण ५६ ला ७ सेंमी म्हणजे साडेबारा टक्के. एवढी वाढ नुसत्या हवेनं होत नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या ८ नंबरच्या सुया आहेत.

आपल्याकडच्या जुन्या सरळ सुयांवर ब्रिटिश नंबर असतो. त्यात ८ म्हणजे ४ मिमी. गोल सुयांच्या पाकिटावर पुष्कळदा अमेरिकन नंबर मोठ्या अक्षरात छापलेला असतो, आणि अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी. दोन्ही पद्धती उलट्या दिशेनं चालतात: ब्रिटिशमध्ये नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकनमध्ये जाड होते. नेहमी लागणारे नंबर असे:

ब्रिटिश १२ – २.७५ मिमी – अमेरिकन २
ब्रिटिश १० – ३.२५ मिमी – अमेरिकन ३
ब्रिटिश ९ – ३.७५ मिमी – अमेरिकन ५
ब्रिटिश ८ – ४ मिमी – अमेरिकन ६
ब्रिटिश ७ – ४.५ मिमी – अमेरिकन ७
ब्रिटिश ६ – ५ मिमी – अमेरिकन ८

फक्त ७ ला दोन्ही नंबर जुळतात. बाकी सगळीकडे मिलिमीटरच पाहायचे.

हिशेबही तेच सांगतो. १२३ टाक्यांत ५६ सेंमी म्हणजे १० सेंमीला २२ टाके. १२३ टाक्यांत ६३ सेंमी म्हणजे १० सेंमीला साडेएकोणीस. ४ वरून ५ मिमीवर गेलं की या जाडीच्या लोकरीत साधारण एवढाच फरक पडतो. सुया मापायच्या पट्टीच्या भोकांतून दोन्ही सुया घालून बघा. पट्टी नसेल तर जाड कागदात सरळ सुईनं भोक पाडा आणि गोल सुई त्यातून जाते का पाहा. अडली तर प्रश्न सुटला.

हा भाग धुऊन, ताणून किंवा वाफ देऊन जुळवायचा प्रयत्न करू नका. रुंदी दाबून बसवली तरी ओळींची उंची वेगळी आहे. ओळी मोजून मुंढा (बाही जोडायची खाच) पाडला तर पुढचा मुंढा पाठीपेक्षा लांब होईल आणि बाही बसताना बगलेत चुण्या पडतील. उसवणं हाच उपाय. बॉर्डर १० नंबरच्या त्याच जुन्या सुयांवर असेल तर ती ठेवा.

पागोळी:

+१. नंबरऐवजी मिलिमीटर लिहायची सवय सगळ्यांनीच लावायला हवी.

वासाबद्दल. आधी ती खरी लोकर आहे ना हे ताडून घ्या, कारण दुकानात लोकर म्हणून मिळणारं बरंच सूत अ‍ॅक्रिलिक असतं आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी तयार होतो.

मग ठिपके बुरशीचे की कसरीचे ते पाहा. बुरशी असेल तर कुबट वास असतो, वर पांढरट भुकटी दिसते, बोट फिरवलं की निघते, धागा बहुधा शाबूत असतो. कसर लागली असेल तर गुंडा उलगडताना धागा तुकड्या-तुकड्यांत सुटतो, रेशमासारखी बारीक नळी किंवा जाळी सापडते आणि लोकरीच्याच रंगाचे वाळूसारखे कण खाली पडतात. अ‍ॅक्रिलिकला कसर खात नाही, पण मळकं असेल तर बुरशी त्यालाही धरते.

तुमच्या वर्णनावरून ही बुरशी वाटते. ते गुंडे बाकीच्यांपासून आजच वेगळे करा. तोंडाला रुमाल बांधून घराबाहेर मऊ ब्रशनं कोरडेच झटका. ओले करून चोळलं तर डाग आत जातो. मग गुंड्याची लडी करून धुवा, गुंडा तसाच भिजवला तर गाभा आठवडाभर ओला राहतो. ८-१० रिठे फोडून रात्रभर २ लिटर पाण्यात भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचे आणि त्या कोमट पाण्यात लडी २० मिनिटं नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही. सोडा असलेली धुण्याची पावडर लोकरीला लावू नका, धागा खरखरीत होतो. शेवटच्या पाण्यात ४ लिटरला २ मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घातलं की वास बराच उतरतो. रंग जातो का हे आधी एका टोकावर बघून घ्या. काळा डाग पूर्ण जाईलच असं नाही. राहिला तर ती लोकर शिवणीच्या आतल्या बाजूला वापरा.

पाणी कुठलं, यानंही फरक पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये धरणाचं पाणी गढूळ असतं आणि तो बारीक गाळ धाग्यात बसतो. पागोळ्यांखाली घमेलं लावून धरलेलं पाणी त्यापेक्षा कितीतरी चांगलं. ते मृदू असतं, साबण झटकन सुटतो. सुरुवातीच्या पावसातलं घेऊ नका, त्यात कौलांवरची धूळ असते.

आता वाळवणं. चुलीवर नको. धूर धाग्यात मुरतो आणि पांढरी लोकर पिवळी पडते. शेगडीवर दुरडी पालथी घालून बाळाची दुपटी शेकतात तसंही स्वेटरचं करू नका, खालची बाजू करपते आणि अ‍ॅक्रिलिक असेल तर कायमचं लोळागोळा होतं.

खरं काम वाळत घालायच्या आधीच उरकायचं असतं. स्वेटर पिळायचा नाही. जाड टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची आणि तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलात तसंच पुन्हा. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, ड्रायरमध्ये फक्त १ मिनिट. नंतर बाजेवर किंवा जाळीवर आडवा पसरा, म्हणजे खालूनही वारा लागतो. दांडीवर टाकला तर पाण्याच्या वजनानं लांबतो. पंखा बाजूनं सोडा आणि दर ५-६ तासांनी उलटा.

तुमच्याकडे मात्र पंखा एकटा पुरणार नाही. हवेतच एवढं पाणी आहे की ती आणखी ओढून घेत नाही. खिडकी बंद करून खोली थोडी गरम करावी लागते. २४ अंशाला ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३० अंशापर्यंत तापवली की तिचीच आर्द्रता ६५ च्या खाली येते. छोट्या खोलीत हीटर अगदी मंद ठेवून, कपड्यांपासून किमान मीटरभर लांब, घरात माणूस जागं असतानाच. आर्द्रता शोषणारं यंत्र परवडत असेल तर चार महिन्यांच्या धुक्यात ते घेण्यासारखंच आहे.

वाळलं की नाही हे हातावर ठरवू नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी पोटात ठेवूनही कोरडी लागते. तीन दिवसांनी "वाळलेल्या" कपड्याला वास येतो तो यामुळे. धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्वेटर तोला आणि आकडा लिहून ठेवा. वाळल्यावर वजन त्या आकड्यावर परत आलं की मगच घडी.

लडी_गुंडा:

साठवणीचं लिहितो, कारण पेटीत वास आला याचा अर्थ लोकर आत गेली तेव्हाच ओलसर होती. जूनमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात भरलेली लोकर बाहेर राहिलेल्या लोकरीपेक्षा लवकर कुबट होते. डब्यातल्या हवेत पाणी नगण्य असतं, साठा लोकरीत असतो. १ किलो लोकर ८५ टक्के आर्द्रतेत राहिली आणि तिला ५० टक्क्यांच्या पातळीवर आणायची तर तिच्यातून ७०-८० ग्रॅम पाणी काढावं लागतं. सिलिका जेल त्या पातळीला स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून थोडं कमी पाणी धरतं. म्हणजे किलोमागे ३०० ते ४०० ग्रॅम जेल हवं. बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्या टाकून काही होत नाही.

रंग बदलणारे दाणे घ्या, सुती पिशवीत भरून तळाशी आणि वर असे दोन्हीकडे ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. पाणी ओढून स्वतः द्रव होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र लोकरीच्या पेटीत नकोत, कलंडले तर सगळी लोकर चिकट होते.

लोकर भरायची योग्य वेळ एप्रिल-मे. कडक उन्हात दुपारभर उलगडून, संध्याकाळी गार झाल्यावर बंद करायची.

कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर कुरकुरीत वाळलेला. ओलसर पाला स्वतःच बुरशी घेऊन येतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून उन्हाळ्यातल्या उष्णतेला पातळ होतात आणि डाग पडतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी अजिबात नको: जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी तिच्या वाफेनं फुटू शकतात, आणि ती कमतरता आहे हे घरच्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

कसर सापडलीच तर लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशाच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. मध्येच वीज जाऊन फ्रीजर वितळला तर दिवस पहिल्यापासून मोजायचे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच धरतं.

एक राहिलं. अर्धवट काम स्टीलच्या सुयांवर पावसाळाभर ठेवू नका, गंजाचा डाग टाक्यांच्या ओळीतच बसतो. टाके सुती दोऱ्यावर उतरवून ठेवा. बांबूच्या सुया चिकट लागत असतील तर मेणकागदानं घासा.

सुलट_सुई:

कागदाच्या भोकात गोल सुई अडली. पाकिटावर अगदी बारीक अक्षरात ५ मिमी आहे. म्हणजे १८ सेंमी उसवायचे. बॉर्डरचे टाके न सुटता कसं उसवायचं? आणि उसवलेली लोकर लगेच विणली तर चालेल का?

नऊ_नंबर:

बॉर्डरनंतरची पहिली साधी ओळ शोधा. १२ नंबरची बारीक सुई घेऊन त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून (टाका V सारखा दिसतो, त्याच्या उजव्या दांडीतून) डावीकडे ओवत जा. एकाच ओळीत राहा, चढउतार झाला की तिथला टाका गळतो. शेवटी मोजा, १२३ भरले पाहिजेत. मग वरची सुई काढून निर्धास्त उसवा. बारीक सुईवरचे टाके ४ मिमीवर घेऊन पुढे चला.

उसवलेली लोकर कुरळी असते. तशीच विणली तर टाके लहानमोठे दिसतात, विशेषतः साध्या सुलट विणीत. दोन खुर्च्यांच्या पाठींभोवती लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलात दाबा आणि दांडीवर लटकवा. खाली एखादा हँगर अडकवला तेवढं वजन बस. विटेसारखं जड काही लावलं तर धागा ताणून वाळतो, आणि स्वेटर पहिल्या धुण्यात आखडतो. पुन्हा विणण्याआधी १५ सेंमी चौरस नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. पाठही धुऊन मगच दोन्ही भाग शेजारी ठेवा. एक धुतलेला, एक न धुतलेला अशी तुलना नेहमीच फसवते.

पागोळी:

लडी वाळेपर्यंत हातात काही हवं असेल तर त्याच लोकरीची कानटोपी करा. लहान काम, पिशवीत मावतं, धुतलं तरी लवकर वाळतं. ५४ सेंमी डोक्याला साधारण ७५ ग्रॅम पुरते.

३.२५ मिमीवर ११० टाके. दोन सुलट-दोन उलट बॉर्डर ५ सेंमी, ओळ दोन सुलटनं सुरू आणि दोन सुलटनंच संपेल. ४ मिमीवर सुलट बाजू सुलट, उलट बाजू उलट, असं आणखी १० सेंमी. मग घटवणं: कडेचा १ टाका, (१० सुलट, २ मिळून १) असं ९ वेळा, शेवटी कडेचा १. परतीची ओळ उलट, घट न करता. पुढच्या घटीत ९ सुलट, त्यानंतर ८, असं एकेक कमी करत १० घटी झाल्या की २० टाके उरतात. धागा हातभर ठेवून कापा, सुईनं त्या २० टाक्यांतून ओवून घट्ट ओढा आणि उरलेल्या धाग्यानंच बाजूची शिवण घाला. टोपी डोक्यापेक्षा ५ सेंमी लहान भरेल, ती तशीच हवी, नाहीतर काठावरच्या वाऱ्यात कानांवरून सरकते.