चर्चा: दर्यात गेलेल्या माणसासाठीही सात वर्षे थांबायचे का?

अबोली (पेडणे)

माझे भावोजी शापोरा नदीच्या तोंडावर गेले. ऑगस्टचा पहिला आठवडा, मासेमारीबंदी उठून चार दिवस झालेले, दर्या अजून खवळलेला. जून-जुलै घरी बसून काढलेला माणूस 1 ऑगस्टनंतर थांबत नाही, घरात पैसाच नसतो. नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर लाट उभी राहते. तिथे होडी उलटली. तिघांपैकी दोघे पोहून किनाऱ्याला लागले. दुसऱ्या दिवशी होडी मिळाली, इंजिनासकट. भावोजी मिळाले नाहीत.

याला चार वर्षे झाली. पोलिसांत 'मिसिंग' अशी नोंद आहे. जिथे जावे तिथे एकच उत्तर: सात वर्षे होऊ द्या, मग बघू.

आमच्या गोव्यात लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक. याचा आम्हाला अभिमानही आहे. पण त्यामुळेच घर गहाण टाकायचे तर दोघांच्या सह्या लागतात. दुसरी सही ताईने कुठून आणायची? होडीचे कर्ज मात्र थांबलेले नाही. विधवांना सामाजिक सुरक्षा योजनेतून जे मिळते ते मृत्यूच्या दाखल्याशिवाय मिळत नाही. गेल्या वर्षी भाचीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर रकाना होता: विवाहित, विधवा, घटस्फोटित. ताईने तो कोरा ठेवला. खिडकीतल्या माणसाने फॉर्म परत सरकवला, 'एकावर खूण करा' म्हणाला. ताई पाच मिनिटे पेन धरून उभी होती. शेवटी 'विवाहित' केले.

30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये दरड कोसळली. जे सापडले नाहीत त्यांना मृत धरायचा निर्णय केरळ सरकारने 2025 च्या सुरुवातीलाच घेतला. तो योग्यच होता. मग एकटा माणूस बुडाला तर त्याच्या बायकोने सात वर्षे का थांबावे? दर्यात, पुरात गेलेल्यांसाठी ही मुदत एका वर्षावर आणावी असे माझे मत आहे. तुम्हाला काय वाटते?

तिसवाडीकर

अबोलीताई, तुमच्या ताईंचे वाचून वाईट वाटले. तरी माझा विरोध आहे.

गोव्यात जमिनीचा भाव काय झालाय ते तुम्हाला सांगायला नको. 2022 साली सरकारला जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग आला. कोणाच्या जमिनी गेल्या होत्या? मालक परदेशात, मालक वारलेला, मालकाचा पत्ता नाही, अशांच्या. बनावट कागद करून विकल्या. माणूस एका वर्षात कागदावर मेला तर ही मंडळी पहिली रांगेत उभी राहतील.

दुसरे, घरातले. माझा सख्खा मामा 1987 साली 'बोटीवर नोकरी बघतो' म्हणून मुंबईला गेला. पहिली दोन पत्रे आली, मग काही नाही. आठव्या वर्षी भावांनी वाटण्या केल्या. नवव्या वर्षी मामा दारात उभा! आजी तेवढी धावली, बाकीचे जागचे हलले नाहीत. पुढे तो स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखा राहिला. आमच्या घरात सात वर्षेसुद्धा कमी पडली, तुम्ही एक म्हणता.

रापणकार

तिसवाडीकर, मामा मुंबईला गेला होता. हा माणूस पाण्यात गेला. दोन्हीला एकच माप लावू नका.

आणि ट्रॉलरवरच्या खलाशांचे कोणी बोलत नाही. मालीमच्या, कुटबणच्या जेटीवर बघा, निम्म्याहून जास्त पोरे ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली. रात्री जाळे ओढताना एखादा तोल जाऊन पडला तर सकाळी मोजदाद होते तेव्हा कळते. त्याच्या गावच्या आईला तक्रार कुठल्या पोलिस ठाण्यात आहे हेही माहीत नसते. तिने कुणाच्या मागे लागायचे?

शेवंती

मी सहसा लिहीत नाही. आज राहवत नाही.

माझा मुलगा 2009 साली घरातून गेला. वय 22. मडगावला काम आहे म्हणाला, जेवायला येतो म्हणाला. आमटी झाकून ठेवली होती.

तो सज्ञान, म्हणून गुन्हा नोंदला नाही, फक्त नोंद. लहान मूल हरवले तर गुन्हा नोंदवायलाच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले. 22 वर्षांच्या मुलाच्या आईला असे काही नाही. सुरुवातीला हवालदार यायचे. नंतर मीच जायची. आता रस्त्यात भेटले की तेच मला विचारतात, 'मावशी, काय कळले?'

बारा वर्षे झाली तेव्हा भटजींनी पालाशविधी सुचवला. पळसाच्या पानांचा माणूस करून अग्नीला द्यायचा. मी नको म्हटले. तो आहे का म्हणून देवाला प्रसाद लावला होता, कौल उजवा झाला होता, म्हणजे आहे. कुणी मला वेडी म्हणाले तरी चालेल.

अबोली, तुझ्या ताईचे दुःख मला कळते. पण माणूस मेला असे एकदा लिहिले की शोध संपतो. पेपरात बेवारस मृतदेहाची बातमी आली की मी अजून उंची आणि शर्टाचा रंग वाचते. इतक्या वर्षांत माझे रक्त कुणी मागितले नाही. डीएनए जुळवून बघायला काय लागते? हरवलेल्यांच्या नातेवाइकांची आणि बेवारस मृतदेहांची नोंद एकत्र ठेवणारे विधेयक 2019 च्या जानेवारीत लोकसभेत मंजूर झाले होते, ते बारगळले; पुन्हा मांडले ते 2023 मध्ये मागे घेतले. आधी ते करा. मग एक वर्ष म्हणा की सात म्हणा.

काळा कोट (म्हापसा)

इथे सगळे एक गोष्ट गृहीत धरून भांडताहेत, आणि ती चुकीची आहे.

साक्ष कायद्याचे जुने कलम 108, जे 1 जुलै 2024 पासून नव्या अधिनियमात कलम 111 झाले, एवढेच सांगते: ज्यांना एरवी खबर लागली असती अशा माणसांना सात वर्षे एखाद्याची खबर लागली नाही, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. त्याआधी मृत्यू सिद्ध करायला बंदी नाही. पुरावा असेल तर पहिल्या वर्षीही दिवाणी न्यायालयात जाता येते. होडी उलटलेली, सोबतचे दोघे साक्षीदार, पंचनामा, हा पुरावाच आहे. खिडकीवरचा माणूस 'सात वर्षे' म्हणतो कारण त्याला तेवढेच ऐकून माहीत असते. फार घरांची वर्षे या एका वाक्यात गेली आहेत आणि मला त्याचा संताप येतो.

उलट बाजूने, सात वर्षे झाली म्हणून दाखला आपोआप हातात पडत नाही. तेव्हाही न्यायालयातून घोषणा आणावी लागते. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले की सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख नाही. मधल्या काळात हप्ते थकले तर पॉलिसी बंद पडलेली धरतात. म्हणून अबोलीताई, भावोजींचा विमा असेल तर हप्ता चुकवू नका.

शेवंतीमावशी, तुमच्यासाठी वेगळे. आपल्याकडे कुटुंबाच्या बाबतीत 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून आधाराला आहे. तिच्यात गैरहजर माणसाच्या मालमत्तेची देखभाल करायला न्यायालयाने कुणाला तरी नेमावे अशी तरतूद आहे, त्याला मेलेला न म्हणता. मुलाच्या नावावर काही असेल तर ते सांभाळता येईल.

तिसवाडीकर

काळा कोट, न्यायालयात पुराव्यावर होत असेल तर माझी हरकत नाही. समोरासमोर साक्ष होते, खोटे बोलणारा उलटतपासणीत सापडू शकतो. माझा विरोध मुदत सरसकट कमी करायला आहे, आणि तो राहील.

अबोली (पेडणे)

शेवंतीमावशी, तुमचा प्रसाद उजवा झाला, तसाच राहो. तुम्ही विधी करा असे मी कधीच म्हणणार नाही. पण ताईने कागद मागितला म्हणजे तिने भावोजींना सोडले, असेही कोणी म्हणू नये. तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आणि ते काढायचे की नाही हे ती ठरवील. मतदानाच्या चिठ्ठ्या येतात तेव्हा दोन येतात. ती दोन्ही घेते.

तिसवाडीकर, जमिनीचे तुमचे म्हणणे मला पटले. एक वर्षाचा आग्रह मी सोडते. पण पुराव्यावर आधी दाद मागता येते हे चार वर्षांत आम्हाला एकाही खिडकीवर कोणी सांगितले नाही. पोलिसांनी मिसिंगची नोंद घेतानाच तसा कागद बायकोच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

काळा कोट, सोबतच्या दोघांपैकी एक आता आखातात बोटीवर आहे. दुसरा ताईच्या घरापासून चौथ्या दारात राहतो. तो तिला बघून रस्ता बदलतो आणि तीही त्याला हाक मारत नाही. त्या पहाटेबद्दल पोलिसांनंतर त्याला कोणी विचारलेले नाही. उद्या संध्याकाळी मी त्याच्याकडे जाते.