आहारातून येणारा लठ्ठपणा: इन्सुलिनला आधी कोण दाद देईनासे होते, यकृत की स्नायू?

वैशाली_सातारा (प्रश्न):

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ‘लठ्ठपणामुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत वारंवार वाचायला मिळते. परंतु शरीर म्हणजे नेमका कोणता अवयव, हे कुठेच सांगितलेले नसते. यकृत, स्नायू, चरबी आणि स्वादुपिंड यांची कामे इतकी वेगळी असताना सर्वांत एकदम आणि सारखाच बिघाड होत असेल, असे मला वाटत नाही.

प्रश्न घरचाही आहे. माझ्या धाकट्या भावाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे आले आहे. त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २४ आहे, उपाशीपोटी साखर १०८ आली, आणि आमच्या वडिलांना मधुमेह होता. त्याला पाहून कोणी लठ्ठ म्हणणार नाही. अशा माणसाच्या यकृतात चरबी कुठून येते? आणि वजन कमी केल्यास कोणता अवयव आधी सावरतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जयंत_जैवरसायन:

वैशालीताई, आपली शंका रास्त आहे. अवयव एकदम बिघडत नाहीत, आणि याचा जुना, चांगला पुरावा उपलब्ध आहे. सिडनी येथे क्रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांना भरपूर चरबीचा आहार दिला आणि प्रत्येक अवयवाची इन्सुलिनला मिळणारी दाद स्वतंत्रपणे मोजली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामानुसार अवघ्या तीन दिवसांत यकृताची दाद कमी झालेली होती, तर स्नायू तोपर्यंत व्यवस्थित काम करत होते. स्नायूंतील बिघाड तीन आठवड्यांनी दिसला. म्हणजे उंदीर लठ्ठ दिसू लागण्यापूर्वीच त्याचे यकृत बिघडलेले असते.

यकृताचा बिघाड अर्धवट असतो, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती बहुतेक लेखांतून सुटते. जेवणानंतर इन्सुलिन यकृताला दोन आदेश देते: ग्लुकोज तयार करून रक्तात सोडणे थांबव, आणि आलेल्या जादा साखरेपासून चरबी तयार कर. आहारामुळे लठ्ठ झालेल्या प्राण्यात पहिला आदेश पाळला जात नाही, पण दुसरा मात्र पाळला जातो. त्यामुळे रक्तातील साखर वाढते, ती आवरण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते, आणि ते वाढीव इन्सुलिन यकृतात आणखी चरबी तयार करवते. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी २००८ मध्ये हा विरोधाभास ठळकपणे मांडला. तो नेमका कशामुळे घडतो, यावर अजून वाद आहे. यकृतपेशीत साठणारा डायअसिलग्लिसरॉल हा मेदाचा प्रकार इन्सुलिनच्या ग्राहकाचे (पेशीवरील रिसेप्टरचे) काम रोखतो, असे एक गट मानतो, तर दुसरा गट सेरामाइड या दुसऱ्या मेदप्रकाराकडे बोट दाखवतो.

आता चरबीविषयी. चरबीच्या ऊतीला निष्क्रिय साठा समजणे चुकीचे आहे. इन्सुलिन तिला मेदाम्ले धरून ठेवायला सांगते, आणि जोवर त्वचेखालील चरबीत जागा असते तोवर ती हे काम चोख करते व इतर अवयवांचे रक्षण करते. कणगी भरली की धान्य घरात मिळेल त्या कोपऱ्यात रचावे लागते, तसे पुढे मेदाचे होते. तो यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात आणि हृदयाभोवती जातो. लठ्ठ उंदराच्या पोटातील चरबीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मेलेल्या मेदपेशीभोवती मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींनी मुकुटासारखे कडे केलेले दिसते. या पेशींतून निघणारी टीएनएफ-अल्फासारखी प्रथिने इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. मेदऊतीतून टीएनएफ-अल्फा स्रवते आणि ते इन्सुलिनच्या आड येते, हे हॉटामिसलिगिल व स्पीगलमन यांनी १९९३ मध्ये दाखवले. लठ्ठपणात मॅक्रोफेज तिथे गर्दी करतात, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. अशी चरबी मेदाम्ले धरून ठेवू शकत नाही. रात्रभर, उपाशीपोटीही, ती यकृताकडे वाहत राहतात.

हे प्रमाण माणसांतही मोजले गेले आहे. फॅटी लिव्हर असलेल्या लठ्ठ रुग्णांच्या यकृतातील ट्रायग्लिसराइड (मेदाचे साठवणीचे रूप) कुठून आले, हे डॉनेली आणि सहकाऱ्यांनी समस्थानिकांच्या, म्हणजे माग काढता येणाऱ्या खुणेच्या अणूंच्या, साहाय्याने शोधले. २००५ मधील त्या अभ्यासात सुमारे ५९ टक्के मेद रक्तातील मुक्त मेदाम्लांपासून, २६ टक्के यकृतानेच कर्बोदकांपासून तयार केलेल्या मेदापासून आणि सुमारे १५ टक्के थेट खाल्लेल्या मेदापासून आला होता. म्हणून ‘मी तूप खात नाही, मग यकृतात चरबी कशी?’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

डॉ_मृणाल:

जयंतरावांचे विवेचन उत्तम आहे, परंतु वैशालीताईंच्या भावाच्या बाबतीत तो क्रम जसाच्या तसा लावू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. प्रयोगातील उंदरांच्या आहारात पुष्कळदा ६० टक्के उष्मांक चरबीतून दिलेले असतात. तो आहार आपल्या पोळी, भात, पोहे आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या आहारासारखा नाही. आपल्याकडे कर्बोदकांचा वाटा मोठा असतो, आणि मग यकृतात चरबी पोहोचण्याचा दुसरा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

हा मार्ग स्नायूंतून सुरू होतो. येल विद्यापीठातील शुलमन यांच्या गटाने, ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे अशा तरुण, सडपातळ व्यक्ती तपासल्या. त्यांचे वजन वाढलेले नव्हते, तरी त्यांचे स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देत नव्हते. याच गटाने २००७ मध्ये सडपातळ पण इन्सुलिन रोधकता (इन्सुलिनला पुरेशी दाद न देणे) असलेल्या तरुणांना कर्बोदकयुक्त जेवण देऊन असे दाखवले की त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) कमी साठते आणि ती साखर यकृताकडे वळून तिची चरबी बनते. म्हणजे उंदरात यकृत आधी आणि स्नायू नंतर, तर मधुमेही कुटुंबातील सडपातळ माणसात स्नायू आधी आणि यकृत नंतर. माझ्या मते क्रम कारणानुसार बदलतो: अतिरिक्त चरबी खाऊ घातली तर पहिला फटका यकृताला बसतो, आनुवंशिक कल असेल आणि हालचाल कमी असेल, तर स्नायूंना.

बीएमआयबद्दलही थोडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून सुरू असलेल्या माता-पोषण अभ्यासातून त्यांच्या गटाने असेही दाखवले की आपल्याकडे जन्मणारे बाळ वजनाने कमी असले, तरी त्याच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचा वाटा अधिक असतो. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, ते याच कारणांमुळे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजनकाटा काहीही म्हणो, पोटातील चरबीचा विचार करावा.

वैशाली_सातारा:

दोघांचेही मनापासून आभार. स्नायूंतून यकृताकडे साखर वळते, हे मला पूर्णपणे नवीन होते. मग व्यायामाचा उपयोग वजन घटण्याआधीच दिसायला हवा ना? आणि वजन घटवल्यास कोणत्या अवयवात किती फरक पडतो, याची काही मोजमापे आहेत का?

जयंत_जैवरसायन:

हो, दिसतो. डॉ. मृणाल यांनी उल्लेख केलेल्या गटानेच २०११ मध्ये दाखवले की इन्सुलिन रोधकता असलेल्या तरुणांनी ४५ मिनिटांचा व्यायाम एकदाच केला आणि नंतर कर्बोदकयुक्त जेवण घेतले, तर स्नायूंत जाणारी साखर वाढते आणि यकृतात नव्याने बनणारी चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटते. तेवढ्याने वजन काट्यावर हलत नाही, पण साखरेची वाट बदलते.

वजनाबाबत सर्वांत स्वच्छ मोजमाप माझ्या दृष्टीने अमेरिकेतील सेंट लुईस येथील २०१६ च्या अभ्यासाचे आहे. लठ्ठ व्यक्तींचे वजन आधी ५ टक्के आणि नंतर टप्प्याटप्प्याने सुमारे १६ टक्क्यांपर्यंत घटवण्यात आले आणि प्रत्येक टप्प्यावर अवयव वेगवेगळे तपासले गेले. पहिल्या ५ टक्क्यांतच यकृत, चरबी आणि स्नायू या तिन्हींची दाद सुधारली. पुढच्या घटीचा लाभ स्नायूंना आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना मिळत राहिला. यकृत आणि चरबी यांना मिळायची ती सुधारणा बहुतांशी आधीच मिळून गेली होती.

इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांचा २०११ चा अभ्यास लहान होता, त्यात फक्त ११ मधुमेही होते. पण त्याने अनेकांचे विचार बदलले. दिवसाला सुमारे ६०० उष्मांकांच्या आहारावर एका आठवड्यात उपाशीपोटीची साखर सर्वसाधारण झाली आणि यकृतातील चरबी ३० टक्क्यांनी घटली, तर बीटा पेशींना सावरायला आठ आठवडे लागले. हा आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय कोणीही करू नये.

डॉ_मृणाल:

भावाबद्दल शेवटचे. सोनोग्राफीतील ग्रेड हा यकृत पडद्यावर किती उजळ दिसते याचा अंदाज असतो. त्यावरून यकृत किती कठीण झाले आहे हे कळत नाही. एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातील मेद), एएसटी, एएलटी (यकृताची विकरे) आणि प्लेटलेट तपासून घ्या. शेवटचे तीन आकडे आणि वय यांवरून तुमचे डॉक्टर एफआयबी-४ हा यकृत कठीण झाल्याची शक्यता सांगणारा गुणांक काढू शकतील, आणि फायब्रोस्कॅनची (यकृताचा कठीणपणा मोजणाऱ्या तपासणीची) गरज आहे की नाही हे त्यावरून ठरेल. उपाशीपोटी १०८ ही साखर मधुमेहपूर्व अवस्थेत मोडते, म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. वडिलांना मधुमेह होता आणि भावाचे वजन फारसे जास्त नाही, त्यामुळे मी त्याला केवळ ‘वजन कमी करा’ असे सांगणार नाही. जेवणानंतर रोज चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा किंवा जोर-बैठकांचा व्यायाम यांवर भर देईन. आहारात पहिली कात्री साखरेचा चहा, बिस्किटे आणि बाटलीबंद शीतपेये यांना लावेन. त्यानंतर ताटातील भात-पोळी थोडी कमी करून त्या जागी उसळ, डाळ आणि भाजी वाढवायला सांगेन. कंबरेचा घेर आजच मोजून लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.